अभ्यासिकेला स्वयंपाकघर हवं

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात फिरताना वर बघावं. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींवर एकाखाली एक पाट्या दिसतात: अभ्यासिका, अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, पुन्हा अभ्यासिका. आत प्लायवूडचे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला नंबर, एक दिवा, एक चार्जिंग पॉइंट. समोरच्या फळीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि राज्यघटनेतल्या कलमांची हाताने लिहिलेली यादी चिकटवलेली. दोन्ही कोपरं पसरली की फळीला लागतात, एवढीच रुंदी. परभणी, बीड, जत, चाळीसगाव अशा गावांहून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेली मुलं-मुली या कप्प्यात सकाळी बसतात आणि रात्री उठतात. कोणी दोन वर्षं, कोणी सहा, कोणी वय उलटून जाईपर्यंत.

या मुलांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. शेत गहाण ठेवून किंवा मोठ्या भावाच्या पगारातून आलेल्या पैशांवर शिकणारा मुलगा टिवल्याबावल्या करत नाही. माझा आक्षेप या व्यवस्थेवर आहे. गेल्या काही वर्षांत लोकप्रतिनिधींनी, नगरपालिकांनी, मंडळांनी गावोगावी अभ्यासिका उघडण्याचा सपाटा लावला आहे. वातानुकूलित, चोवीस तास उघडी, मोफत वायफाय. फीत कापली जाते, फोटो येतात. विद्यार्थ्यांसाठी काहीतरी केलं, एवढं समाधान त्यात नक्की आहे. पण सार्वजनिक पैसा अशाच जागांवर खर्च करत राहिलो तर आपण एक चुकीची समजूत पक्की करतो आहोत. अभ्यास म्हणजे एकट्याने खुर्चीत बसणं, बाकी जेवण, झोप, शरीर, शेजारचा माणूस ही सगळी अडगळ, अशी ती समजूत. विद्यार्थ्याला खुर्ची पुरवून भागत नाही, त्याच्या राहण्याची सोय लागते. म्हणून हा पैसा वसतिगृहांकडे वळवला पाहिजे, आणि तिथे राहणाऱ्या मुलांनी स्वयंपाकात, साफसफाईत आणि एकमेकांना शिकवण्यात वाटा उचलला पाहिजे.

आधी शरीराचं बघू. अभ्यासिकेत बसणारा मुलगा राहतो कॉट बेसिसवर. एका खोलीत पाच-सहा खाटा, खाटेखाली पेटी, भिंतीला दोरी. जेवायला मेस लावलेली असते. तीन पोळ्या, पाणीदार वरण, बटाटा ठरलेला, रविवारी रात्री मेस बंद. सकाळचा नाश्ता म्हणजे गाडीवरचे पोहे किंवा वडापाव, आणि दिवसभर चहा. चहा भूक मारतो आणि झोपही, म्हणून तो दोन्हींसाठी सोयीचा. वर्षा-दोन वर्षांत पित्त, पाठ आणि चष्म्याचा नंबर या तिन्ही तक्रारी सुरू होतात, पोट सुटतं. वय असतं बावीस ते तीस, म्हणजे पुढच्या आयुष्याच्या सवयी जिथे बसतात ते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. अशा देशात लाखो तरुणांना ऐन उमेदीची वर्षं बैठकीत, चहावर आणि तेलकट खाण्यावर काढायला लावणं याची किंमत पुढे कुठेतरी मोजावी लागणार. आणि ही तडजोड अभ्यासाच्या तरी कामी येते का? दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं, हे मेंदूच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिलं आहे. चार तास झोपून बारा तास वाचणारा मुलगा वाचतो खूप, पण त्यातलं त्याच्याजवळ राहतं किती, हे कोणी मोजत नाही.

इथे कोणीही म्हणेल की मुलांना हे समजावून सांगावं. सांगतातच की. प्रत्येक सत्कार समारंभात यशस्वी उमेदवार माइकवर सांगतो: अभ्यास करा, व्यायाम करा, समाजाचं ऋण विसरू नका. मुलं टाळ्या वाजवतात आणि कप्प्यात परत जातात. कारण कॉट बेसिसच्या खोलीत भाकरी थापायला जागाच नसते, आणि शेजारच्या कप्प्यातल्या मुलाचं नाव वर्षभरात माहीत होत नाही. साधं राहणं, नीट शिकणं आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणं हे तीन वेगवेगळे उपदेश म्हणून दिले की तिन्ही वाया जातात. एका छताखाली ती सोय केली की एकातून दुसरं आपोआप निघतं. महाराष्ट्राने हे करून पाहिलेलं आहे, आणि तेही आजच्यापेक्षा कितीतरी हलाखीच्या काळात.

कर्मवीर भाऊराव पाटील नांगर विकत हिंडायचे. किर्लोस्करांचे, पुढे कूपरचे. त्या फिरतीत त्यांनी सातारा, सांगलीकडची खेडी पाहिली आणि १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली. तिथल्या बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी मुलं एका पंगतीत जेवत होती आणि त्या पंगतीचा स्वयंपाकही स्वतःच करत होती. लाकडं फोडणं, पाणी भरणं, शेतात राबणं, भाजी पिकवणं हे त्यांच्या दिवसाचे तास होते. १९२७ साली गांधीजी साताऱ्याला आले, त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं. संस्थेचं ब्रीद ठरलं ‘स्वावलंबी शिक्षण’. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही कॉलेजची रीतच झाली.

आज आपण या गोष्टीकडे गरिबीवरचा तोडगा म्हणून बघतो. पैसे नव्हते म्हणून मुलं राबली, असं. ते खरंच आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. पण भाऊरावांनी श्रमाला जी जागा दिली ती केवळ काटकसरीची नव्हती. त्याआधीची रीत आठवा. गरीब विद्यार्थी शहरात शिकायला यायचा आणि वार लावून जेवायचा. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. अनेक मोठी माणसं अशी शिकली. पण वार लागायचे जातीत, मुख्यतः ब्राह्मण घरांत. ज्याची जात त्या उंबरठ्याच्या आत येत नव्हती त्याला वार नव्हताच. आणि ज्याला वार होता तो रोज कुणाच्या तरी उपकारावर जेवत होता, पानात काय पडतं याकडे मान खाली घालून बघत. बोर्डिंगमध्ये मुलगा कुणाचा पाहुणा नव्हता. पीठ त्याने मळलेलं, भाजी त्याने निवडलेली, भांडी त्यानेच घासायची. शेजारी बसलेल्या वेगळ्या जातीच्या मुलाने थापलेली भाकरी तो खात होता. अस्पृश्यतेवरची शंभर भाषणं जे करू शकली नसती ते त्या एका चुलीने केलं. त्याच बोर्डिंगमधून शिकून पुढे बॅरिस्टर झालेले पी. जी. पाटील शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. श्रमामुळे अभ्यास मागे पडतो, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं, कारण अभ्यासाचा विषय निघाला की आपल्याकडे त्यांचं नाव येतंच आणि यायलाच हवं. १४ एप्रिलच्या आसपास राज्यभर कॉलेजांच्या ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. मुलं भल्या पहाटे बसतात, रात्री उठतात, हे त्यांचं अभिवादन असतं. मला या उपक्रमाबद्दल आदर आहे. पण वर्षातल्या एका दिवसाचं अभिवादन हळूहळू रोजच्या दिवसाचं माप होऊन बसतं, त्याची काळजी वाटते. बाबासाहेब लंडनला अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसले, कारण हातात पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे होते. उत्तरायुष्यात मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने त्यांना छळलं. आणि परत आल्यावर त्यांनी काय केलं? १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि १९२५ साली सभेने सोलापुरात काढलं ते वसतिगृह. शिकणाऱ्या मुलाला आधी राहायला छप्पर आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे ज्याने उपाशीपोटी अभ्यास केला त्याच माणसाने नेमकं ओळखलं. अठरा तासांचा वारसा सांगताना सोलापूरच्या त्या वसतिगृहाचाही वारसा सांगायला हवा.

आता कोणी म्हणेल, ते दिवस गेले, आजच्या मुलांना हे जमणार नाही. जिथे संधी मिळते तिथे ती आजही हेच करतात. चार मुलं मिळून एक खोली घेतात, गॅसची शेगडी आणि पाच लिटरचा कुकर आणतात. ज्याची पाळी असेल तो कांदा चिरतो, बाकीचे त्याला चालू घडामोडी वाचून दाखवतात. गावाकडून आलेलं ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, डाळ, हिरवी मिरची. पिठलं-भाकरी आणि सोबत काकडी. हे जेवण मेसपेक्षा स्वस्त पडतं, पोटाला बरं असतं आणि त्यात पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात मान वर होते, पाय मोकळे होतात, कोण खचलेला आहे ते कळतं. मराठवाड्यात अजून कित्येक आया पहाटे उठून डबा बांधतात आणि तो एसटीने लातूरला मुलाकडे पाठवतात. कंडक्टर, स्टँडवरचा हमाल, डबा उतरवून घेणारा मुलगा अशी अख्खी साखळी त्या डब्यामागे असते. साधं, ताजं, घरचं खाणं याची किंमत या माणसांना कोणी शिकवावी लागत नाही. त्यांना ते परवडेल अशी जागा शहरात मिळत नाही, एवढंच.

स्पर्धा परीक्षांच्या जगातला सगळ्यात खोल रुतलेला आक्षेप वेगळाच आहे. शेजारचा माझा स्पर्धक आहे, मी त्याला का शिकवू? जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत, कट ऑफ अर्ध्या मार्काने हुकतो. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण तो भीतीतून येतो. पण हिशोब करून पाहावा. लाखोंच्या गर्दीत तुमच्या खोलीतल्या एका मुलाला पंचायत राज समजावून सांगितल्याने तुमचा क्रमांक घसरण्याची शक्यता नगण्य आहे. उलट समजावताना आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते त्याच क्षणी उघडं पडतं. एकट्याने चौथ्यांदा वाचताना ओळ ओळखीची वाटते आणि ओळखीलाच आपण समज मानून बसतो. समोरचा ‘असं का?’ विचारतो तेव्हा तो भ्रम टिकत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. लिहिलेलं उत्तर दुसऱ्याने वाचून ‘इथे तुझा मुद्दा तुटतो’ असं सांगितल्याशिवाय ते सुधारत नाही. कप्प्यात ते कोण सांगणार? मग तेच काम क्लासवाले पैसे घेऊन करतात. शेजारच्याने जे फुकट आणि जास्त आपुलकीने केलं असतं ते आपण विकत घेतो.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. या मुलांतून उद्याचे तहसीलदार, गटविकास अधिकारी, पोलीस उपअधीक्षक निघायचे आहेत. लोकसेवा आयोग असंच नाव आहे त्या संस्थेचं. यूपीएससीने २०१३ पासून नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर ठेवला, त्यात करुणा, सहानुभूती, सेवाभाव यांवर प्रश्न येतात, मुलं त्यांच्या व्याख्या पाठ करतात. पण तयारीच्या पाच-सहा वर्षांत त्यांचा कुठल्या आजारी म्हाताऱ्याशी, शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाशी, रेशनच्या रांगेशी संबंध येत नाही. महाराष्ट्रात पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचं पुस्तक नीट वाचता येत नाही, हे शालेय शिक्षणाच्या ‘असर’ पाहण्या वर्षानुवर्षं दाखवत आल्या आहेत. अभ्यासिकेपासून चालत दहा मिनिटांवर महापालिकेची शाळा असते. आठवड्यातले दोन तास तिथे एका मुलाला वाचायला शिकवणाऱ्या उमेदवाराला शिक्षण हक्क कायद्याचं कलम पाठ करावं लागणार नाही. तो कायदा कुठे अडतो ते त्याने पाहिलेलं असेल.

मात्र हे सक्तीचं करून गुण देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली, वर्षाला १२० तास काम, सात दिवसांचं गावातलं शिबिर. चांगल्या कार्यक्रम अधिकाऱ्याच्या हाती तिने अनेक मुलांचं आयुष्य वळवलं आहे. पण जिथे प्रमाणपत्र आणि वाढीव गुण हाच हेतू झाला तिथे झाडू हातात धरून फोटो काढण्यापलीकडे काही उरलं नाही. मदत ही रोजच्या राहण्याचा भाग असेल तरच टिकते. खोलीतला मुलगा तापाने फणफणला की त्याच्यासाठी पेज करणं, नव्याने आलेल्या मुलीला अर्ज भरायला शिकवणं, ज्याची गावाकडून रक्कम आली नाही त्याचा महिना सगळ्यांनी मिळून भागवणं. याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होत नाही आणि होऊही नये.

मग सरकारने काय करायचं? सध्याचा कल रोख रक्कम देण्याकडे आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. ही रक्कम हवीच, ती वेळेवर मिळायला हवी आणि भाड्यांच्या मानाने वाढायलाही हवी. पण पैसे हातात देऊन मुलाला त्याच कॉट बेसिसच्या बाजारात सोडलं तर ते पैसे घरमालकाच्या आणि मेसवाल्याच्या खिशात जातात, मुलाचं राहणं तसंच राहतं. हे विद्यार्थ्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं, तेव्हा २०१८ साली आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले. भर पावसाळ्यात चालणाऱ्या त्या मुलांची मागणी काय होती? खात्यात पैसे नकोत, वसतिगृहात जेवण द्या. जेवणाचे पैसे घरच्या अडचणीत खर्च होतात, स्वयंपाक होत नाही, मुलं अर्धपोटी राहतात, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

मुलींच्या बाबतीत मात्र माझं म्हणणं तसंच्या तसं लागू करता येणार नाही, आणि हा विचार न करता जे श्रमाचं कौतुक करतात त्यांच्याशी माझं जमत नाही. गावातली मुलगी लहानपणापासून भांडी घासते, भाकऱ्या थापते, धाकट्या भावंडांना सांभाळते, आणि उरलेल्या वेळात अभ्यास करते. तिच्यासाठी अभ्यासिकेचा तो कप्पा म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली अशी जागा, जिथे ‘जरा चहा ठेव गं’ म्हणून कोणी हाक मारत नाही. तिला पुन्हा चुलीशी नेऊन ‘स्वावलंबन’ शिकवणं अन्यायाचं ठरेल. मुलींच्या वसतिगृहात पगारी स्वयंपाकी हवेत, पाळीचं काम नावापुरतं, आणि खेळायला मैदान हवं, कारण मोकळं धावणं हेच तिला घरी मिळालेलं नसतं. मुलांच्या वसतिगृहात मात्र पाळी पूर्ण हवी. पंचविशीचा पदवीधर भात लावू शकत नाही, याची लाज आपल्या घरांना वाटत नाही. उद्या त्याच्या बायकोच्या वाट्याला जे येणार आहे ते इथेच कमी करता येईल.

तसंच श्रमाचा नियम फक्त गरिबांच्या मुलांना लावणंही मला मान्य नाही. कमवा आणि शिकाच्या नावाखाली कार्यालयांत फायली उचलायला गरीब मुलं आणि वाचनालयात बसून राहायला बाकीची, अशी विभागणी झाली तर भाऊरावांच्या पंगतीचा अर्थच पुसला जातो. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वसतिगृहात जिल्हाधिकाऱ्याचा मुलगा राहिला तरी त्याची पाळी चुकता कामा नये. रोज एक तास, त्याहून जास्त नाही. जास्त झाला की ते शिक्षण राहत नाही, फुकटचे कामगार होतात, आणि ठेकेदाराचा खर्च वाचवण्याचा मोह संस्थाचालकांना फार लवकर होतो.

जागेचा आणि पैशाचा प्रश्न मोठा असला तरी सुटणारा आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी नव्या अभ्यासिकेसाठी मंजूर झालेल्या रकमेत आधी एक जुनी सरकारी इमारत दुरुस्त करावी, पन्नास मुलांचं राहणं, एक मोठं स्वयंपाकघर, मागे भाजीचा तुकडा आणि वाचनाची खोली. खरी अडचण माणसाची आहे. बोर्डिंग चालतं ते तिथे राहणाऱ्या, मुलांना नावाने ओळखणाऱ्या माणसामुळे. आज कित्येक सरकारी वसतिगृहांत गृहपालाकडे दोन-तीन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार असतो, पदं रिकामी असतात, आणि रात्री मुलगा आजारी पडला तर फोन कुणाला करायचा हे ठरलेलं नसतं. साताऱ्यात ते काम लक्ष्मीबाईंनी केलं, विनावेतन, १९३० साली त्यांचा अंत झाला तोवर. तेवढा त्याग आज कुणाकडून मागू नये. पण मुलांसोबत राहणारा, त्यांच्याच पंगतीत जेवणारा, पूर्ण पगाराचा एक गृहपाल प्रत्येक वसतिगृहाला द्यावा. अर्थसंकल्पात अभ्यासिकांच्या शेजारी ही पदं मंजूर झालेली दिसली पाहिजेत, आणि आपल्या आमदाराला पुढच्या वेळी फीत कापायला बोलावताना हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे: रात्री इथे मुलांजवळ कोण राहणार आहे?